नागनदीच्या काठाने, गाड्यांपासून दूर

माझी मुलगी नववीत शिकते. आमचे घर नागपुरात सुभाषनगरला आहे आणि तिची शिकवणी धरमपेठेत. अंतर चार किलोमीटरांच्या आतले. तिला सायकल उत्तम चालवता येते, घरात चांगली सायकल आहे, आणि तरीही गेले कित्येक महिने मी तिला रोज संध्याकाळी दुचाकीवर मागे बसवून सोडते आणि परत आणते. त्याचे कारण तो रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर माझ्याच बाबतीत घडलेला एक प्रसंग आहे.

मागच्या डिसेंबरात मी सायकलवरून धरमपेठेकडे निघाले होते. डाव्या कडेला पांढऱ्या पट्ट्याने आखलेली सायकलची मार्गिका होती आणि मी तिच्यातूनच जात होते. पुढे मार्गिकेवरच एक कार उभी होती. तिला वळसा घालण्यासाठी मी थोडी उजवीकडे सरकले आणि नेमके त्याच क्षणी कारचे दार उघडले. हँडलचे टोक दारावर आदळले, मी गुडघ्यांवर पडले, आणि मागून येणारी बस कर्कश ब्रेक मारत माझ्यापासून दोन हातांवर थांबली. गुडघ्याला तीन टाके पडले, तेही महिनाभरात भरून आले. पण त्या ब्रेकचा आवाज कानात असेपर्यंत मुलीला त्या रस्त्यावर एकटीने पाठवायला माझे मन धजावत नाही.

रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा ओढला की लोक सायकल चालवू लागतील, ही आशा आपण आता सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात, ठेले लागतात, पावसाळ्यात पाणी साचते, आणि सायकलस्वाराला त्याची सर्वांत जास्त गरज जिथे असते त्या चौकात तर तो नेमका संपलेला असतो. शाळेतल्या मुलांना, नोकरीला जाणाऱ्या बायकांना आणि वयस्कर माणसांना सायकलवर आणायचे असेल, तर मोटारींना मुळातच प्रवेश नसलेली सलग वाट हवी. नागपुरात ती वाट काढण्यासाठी नवी जमीन संपादन करत बसण्याची गरज नाही, कारण शहराच्या मधोमध नागनदी वाहते आहे.

लाव्हाच्या टेकड्यांकडून येणारी ही नदी १८७० साली बांधलेल्या अंबाझरी तलावात विसावते आणि सांडव्यावरून पुढे निघून शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहत पूर्वेला पारडीच्या दिशेने बाहेर पडते. धरमपेठ, पंचशील चौक, सीताबर्डी, अशोक चौक, जगनाडे चौक, सारे तिच्या काठाशी बांधलेले आहे. संथ सायकलस्वारही तासाला १२ किलोमीटर सहज जातो. म्हणजे अंबाझरीच्या पाळीपासून सीताबर्डीपर्यंत अर्ध्या तासाच्या आत, तेही फारसे सिग्नल न लागता पोहोचता येईल, कारण नदी प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या खालून जाते. चौक टाळून शहर ओलांडण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्याही मार्गाला नाही.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका नाग, पिली आणि पोहरा या तिन्ही नद्यांतला गाळ काढते. पोकलेन उतरतात, टिप्पर लागतात, आणि काठावर काळ्या गाळाचे ढीग सुकत पडतात, ज्यांतून चपला, साडीचे तुकडे आणि दुधाच्या पिशव्या डोकावत असतात. या यंत्रांना काठाने जायला जागा लागतेच. जिथे ती नाही तिथे यंत्र नदीच्या पात्रातूनच चालवावे लागते आणि काम रेंगाळते. म्हणजे काठाची एक पट्टी मोकळी ठेवणे ही नदीचीच गरज आहे. यंत्रांना ती वर्षातले काही आठवडे लागते; उरलेल्या कोरड्या महिन्यांत तीच पट्टी सायकलींना आणि चालणाऱ्यांना का मिळू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा विचार मला लंडनमध्ये सुचला. दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीकडे तीन आठवडे राहिले, तेव्हा ती मला रोज रिजंट्स कालव्याच्या काठाने सायकलवर नेत असे. १८२० साली पूर्ण झालेल्या या कालव्याची काठची वाट घोड्यांसाठी केलेली होती. मालाने भरलेल्या नावा दोराने ओढत घोडे तिच्यावरून चालत. पुलाखालच्या लोखंडी कडांवर त्या दोरांनी घासून पडलेल्या खोल खाचा अजून आहेत. मी एका खाचेत बोट घालून पाहिले, तर पेर पूर्ण आत गेले. घोडे गेले, नावांचा धंदा संपला, आणि कामाची ती वाट लोकांना मिळाली. पूर्व लंडनमध्ये ती व्हिक्टोरिया पार्कला अगदी लागून जाते, त्यामुळे कालव्यावरून थेट झाडांखाली शिरता येते आणि मधे मोटारीचा रस्ता लागत नाही. अडचणी तिथेही आहेत. वाट अरुंद आहे, आणि पुलाच्या कमानीखाली समोरून येणारा माणूस दिसत नाही. म्हणून तिथे पहिला मान चालणाऱ्याचा असतो. सायकलस्वाराने वेग कमी करायचा, घंटी वाजवायची आणि थांबायचे.

ही शिस्त आपल्याकडे आधी रुजवावी लागेल, हे मला एका बागेच्या फाटकावर कळले. तिथल्या चौकीदार काकांना मी विचारले, "काका, सायकल हातात धरून आतून पलीकडच्या फाटकापर्यंत नेऊ का?" ते म्हणाले, "नाही ताई, बाहेरच लावा. मागच्या महिन्यात एका पोराने आजीबाईंना धडक दिली, मनगट मोडलं त्यांचं." मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांचे म्हणणे खरेच होते. सकाळी बागेत येणाऱ्या आजी-आजोबांची जागा हिरावून सायकलींना देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तथापि, संपूर्ण बाग बंद ठेवणे आणि संपूर्ण बाग खुली करणे यांच्यामध्येही एक मार्ग आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये सायकलींसाठी ठराविक वाटा आखून दिलेल्या आहेत. आपल्या मोठ्या उद्यानांतूनही कुंपणालगत एकच वाट, फाटकापासून फाटकापर्यंत, खेळण्यांपासून आणि बाकांपासून दूर, अशी काढता येईल.

आता पुराविषयी, कारण ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यासमोर काठावर काही करा म्हणणे सोपे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्या पाण्याखाली गेल्या, माणसे दगावली. त्यानंतर नदीचे पात्र तसूभरही अरुंद करण्याचा अधिकार कोणालाच नाही, सायकलवाल्यांनाही नाही. म्हणून मी मागते आहे ती वाट सिमेंटच्या भिंतीवरची नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकामाला आपल्या राज्यात मनाई आहे आणि बाग, मैदान असा मोकळा वापरच तिथे चालतो. ही वाट त्याच जातीची असावी: दाबलेल्या मुरमाची, कठड्याविना, कारण कठड्यात वाहून आलेला कचरा अडकतो आणि पाणी तुंबते. जून ते सप्टेंबर तिची फाटके बंद राहावीत. पाण्याखाली गेली तर जाऊ द्यावी. ओसरल्यावर रोलर फिरवून ती पुन्हा वापरता येईल. उलट, रोज शेकडो लोक काठावरून जात असतील तर पात्रात भराव टाकणारा पहिल्याच दिवशी नजरेस पडेल.

दुर्गंधीची तक्रार रास्त आहे. नागनदीत आज सांडपाणी वाहते आणि उन्हाळ्यात काठावर उभे राहवत नाही. पण नदी प्रदूषणमुक्तीच्या १,९२५ कोटींहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली आहे, आणि सांडपाणी अडवणाऱ्या वाहिन्यांच्या चेंबरपर्यंत पोहोचायलाही काठाची वाट लागतेच. ती त्याच वेळी आखली तर दुसऱ्यांदा खोदकाम करावे लागणार नाही.

उन्हाचे काय, असे मैत्रिणी विचारतात. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश तापमान पाहिले आहे, त्यामुळे प्रश्न योग्यच आहे. ओढ्याकाठी अर्जुन आणि उंबर आपसूक वाढतात. करंज आणि कडुनिंब लावले तर पाच-सात वर्षांत सावली धरते. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते आणि भर मे महिन्यात दुपारच्या पाळीला सायकलनेच जात. त्या काळच्या रस्त्यांवर झाडे किती होती, हे ते वारंवार सांगत.

पूर्ण १७ किलोमीटर एकदम होणार नाहीत. काही ठिकाणी घरांच्या भिंती थेट पात्राला भिडल्या आहेत. तिथे कोणाचे घर न पाडता वाट शेजारच्या गल्लीतून वळवून पुढे पुन्हा नदीला आणावी लागेल. काही पूल इतके ठेंगणे आहेत की खालून सायकल जाणार नाही. मात्र जे पूल नव्याने बांधले जातील, त्यांच्या आराखड्यात काठाच्या वाटेसाठी एक गाळा मोकळा ठेवायला आतापासून सांगता येईल. सुरुवात अंबाझरीच्या पाळीपासून पंचशील चौकापर्यंत करावी. गाळाचे ढीग उचलल्यावर पट्टी सपाट करावी, दुचाकी शिरणार नाही असे खांब दोन्ही टोकांना रोवावेत, दिवे लावावेत, आणि नोव्हेंबर ते मे अशी एक हंगामाची चाचणी घ्यावी.

असा अर्ज मी लिहून तयार केला आहे आणि या सोमवारी महापालिकेच्या झोन कार्यालयात देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता अंबाझरीच्या पाळीवर यावे. अर्जासोबत मुलीने काढलेला नकाशा जोडला आहे. त्यात तिने घरापासून शिकवणीपर्यंतची वाट हिरव्या पेन्सिलीने रंगवली आहे आणि जिथे उतरून सायकल हातात धरावी लागेल अशा तीन जागांवर लाल फुल्या केल्या आहेत.