ज्यांच्या घराला आवार नाही, त्यांनी गाडी कुठे चार्ज करायची?

आज विद्युत गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळे मीटर मिळावे म्हणून तालुक्याच्या वीज कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. समोरच्या कर्मचाऱ्याने कागद उलटून पाहिला, "स्वतःच्या पार्किंगचा नकाशा जोडा" एवढेच सांगितले आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावठाणात घरे भिंतीला भिंत लागून आहेत, दारापुढे नाली आहे आणि नालीला लागूनच रस्ता आहे. तिथे पार्किंगचा नकाशा मी कुठून आणावा? डोके अजून शांत झालेले नाही, म्हणून लिहीत आहे.

घरच्या आहे त्याच जोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. पुढे २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती होऊन वेगळी जोडणी घेण्याचीही सोय झाली. मात्र हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फाटक, आवार आणि आवारात उभी गाडी असलेलाच माणूस असावा.

आमची गाडी रस्त्यापलीकडे, पाराच्या कडेला उभी राहते, कारण दुसरी जागाच नाही. गाडीसोबत आलेली केबल तिथवर पुरत नाही, म्हणून गावच्या वायरमनने चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवून दिला. ती वायर खिडकीतून निघून रस्ता ओलांडते. पंधरा अँपिअरच्या प्लगवर जेमतेम तीन किलोवॉट मिळतात, त्यामुळे तीस युनिटांची बॅटरी भरायला सारी रात्र लागते, आणि संध्याकाळी व्होल्टेज उतरले की तेही होत नाही. शेतावरून बैलबंड्या परतू लागल्या की शेजारचे काकाजी वेळूच्या काठीने वायर वर उचलून धरतात आणि बंडी खालून निघून जाते. हे काम त्यांना कुणी सांगितलेले नाही. परवा ते म्हणाले, "मास्तर, मी उचलतो वायर, पण माह्या मागं कोण उचलन?" मला उत्तर देता आले नाही.

रस्त्यावरून वायर नेणे धोक्याचे आहे, हे मान्य. पण पर्याय कोणता? तालुक्याला जलद चार्जर आहे, तोही मान्य; रोज शाळेतून आल्यावर पुन्हा तालुक्याला जाऊन रांगेत उभे राहायचे असेल तर घरी वीज असून उपयोग काय? सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, परंतु छपरावर तयार झालेल्या विजेलाही तोच रस्ता ओलांडावा लागेल, आणि काकाजींना तीच काठी घेऊन उभे राहावे लागेल.

खरा संताप पुढेच आहे. कोराडी आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांची राख विदर्भाच्या अंगावर पडते, वीज राज्यभर जाते, आणि विदर्भातल्याच गावकऱ्याने साध्या प्लगसाठी नकाशे जोडत फिरावे! राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर विद्युत गाड्यांना टोलमाफी आहे, तिचा आनंदच आहे. परंतु समृद्धीपर्यंत पोहोचण्याइतकी गाडी आधी गावात भरायला नको का?

त्या कर्मचाऱ्यावर आता राग धरावासा वाटत नाही. त्याच्या हातातल्या छापील अर्जात आमच्यासारख्या घराचा रकानाच नसेल, तर तो तरी काय करणार? पण रकाना नाही म्हणून माणूस नाही, असे तर होत नाही ना.

सार्वजनिक चार्जिंग केंद्र उभारायला परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच सांगून ठेवले आहे. मग ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून एक पत्र्याचे शेड, स्वतंत्र मीटर, कुलपाच्या पेटीत पंधरा अँपिअरचे तीन-चार सॉकेट आणि प्रत्येकाच्या वापराची नोंद, एवढे करायला कोणाची हरकत आहे? गावात विद्युत चारचाकी मोजक्याच आहेत, हे खरे, पण स्कुटी आणि ई-रिक्षावाल्यांनाही तिथेच सोय होईल, आणि चार पैसे पंचायतीच्या खात्यात येतील.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी मांडणार आहे. गावातल्या ज्यांच्या घराला आवार नाही, त्यांनी गाडी असो वा नसो, त्या दिवशी हजर राहून अर्जावर सही करावी. काकाजींनी सर्वांत आधी सही करण्याचे कबूल केले आहे.