डबा देणाऱ्या काकूंना एनओसी कशाला?

आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला महिनाभर एकच विषय धुमसतोय. कमिटीने ठराव तयार केलाय: फ्लॅटमधून डबे, शिकवण्या, पार्लर, शिवणकाम असं काहीही करणाऱ्यांनी सोसायटीची एनओसी घ्यावी आणि मेंटेनन्स दुप्पट भरावा, नाहीतर बंद करावं. ठराव अजून सर्वसाधारण सभेपुढे यायचाय, पण ग्रुपवर निकाल कधीच लागलाय. ‘ही रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे, मंडई नाही.’ ‘अमेरिकेत असलं चालवून घेतात का, विचारा.’ हे दुसरं वाक्य मला उद्देशून होतं. त्या बिल्डिंगमध्ये माझा फ्लॅट आहे आणि मी न्यू जर्सीत राहते.

विचारलंच आहे, तर सांगते. चालवून घेतात. त्यासाठी नियम केलाय, तो छापलाय आणि कुणाच्या तोंडाकडे बघून तो बदलत नाही.

न्यू जर्सीत 2021 पर्यंत घरच्या ओव्हनमध्ये केलेला केक विकायला बंदी होती. पन्नास राज्यांत ही बंदी सर्वांत शेवटी उठवणारं राज्य आमचंच. घरी बेकिंग करणाऱ्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. विधेयक खालच्या सभागृहात मंजूर व्हायचं आणि सिनेटच्या समितीत अडकायचं. मग त्या कोर्टात गेल्या आणि शेवटी आरोग्य खात्याला नियम करावे लागले. 4 ऑक्टोबर 2021 पासून परवाना मिळायला लागला: फी 100 डॉलर, मुदत दोन वर्षं, वर्षाची विक्री 50,000 डॉलरपर्यंत. माझ्या ओळखीच्या एकीकडे तो आहे. तिच्या प्रत्येक खोक्यावर लेबल असतं. त्यावर घटक, अ‍ॅलर्जीची सूचना आणि हा पदार्थ आरोग्य खात्याने न तपासलेल्या घरगुती स्वयंपाकघरात झालाय, हे स्पष्ट छापलेलं. घेणारा वाचतो आणि घ्यायचं की नाही ते ठरवतो. शेजाऱ्याची सही त्या अर्जात कुठेच लागत नाही.

आता ग्रुपवरच्या मंडळींना वाटतं की आपल्याकडे नियमच नाही, म्हणून कमिटीला करावा लागतोय. हे साफ चूक आहे. महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमावलीत घरगुती व्यवसायाची व्याख्या कधीपासून आहे. घरात राहणाऱ्या माणसाने पगारी कामगार न ठेवता करायचा, बाहेरून पाटी दिसू द्यायची नाही, घरात तयार होतं तेच विकायचं, शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाध आणायचा नाही, विजेवर यंत्र चालवलं तर भार 0.75 किलोवॅटच्या आत ठेवायचा. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपचं झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येईल याचे स्थानिक नियम, याहून फारसं वेगळं सांगत नाही. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांतही घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला 300 युनिटपर्यंत घरगुती दरच लावलाय. म्हणजे ज्या महावितरणला आपण उठताबसता शिव्या घालतो, तिच्या दरपत्रकातसुद्धा या बायकांचा विचार झालाय. झाला नाही तो चेअरमनसाहेबांच्या कमिटीत.

हा सगळा गदारोळ ज्यांच्यावरून उठला, त्या काकू तिसऱ्या मजल्यावर राहतात. पहाटे कणीक भिजते, अकराच्या आत डबे बाहेर पडतात. प्रत्येक डब्याच्या पिशवीवर छोटा स्टिकर असतो आणि त्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी नंबर. त्यांनी नोंदणी केली तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये फी होती. त्यांनी उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणीही करून घेतलीय, तिला पैसे पडत नाहीत. सरकारने मागितलं ते सगळं या बाईने दिलंय आणि आता तिने एनओसीसाठी अशा माणसाच्या दारात उभं राहायचं, ज्याचं काकांशी पार्किंगवरून वाजलेलं अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. माझा राग आहे तो यावर. पोटापाण्याची परवानगी शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडली की ती परवानगी उरत नाही, उपकार होतो.

ग्रुपवरच्या सगळ्याच हरकती खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. सिलिंडरची हरकत खरी आहे. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही आणि 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर रचून ठेवले, तर मलाही झोप लागणार नाही. सिंकमध्ये ओतलेलं तेल खालच्यांच्या पाइपात जाऊन बसतं, हेही खरं. यावर नेमकी अट घाला ना. किती सिलिंडर, कुठे ठेवायचे, तेल कशात गोळा करायचं, डिलिव्हरीवाल्यांनी कुठे थांबायचं, सगळं लिहा. दुप्पट मेंटेनन्स घेतल्याने सिलिंडर सुरक्षित होत नाही.

‘पण अमेरिकेत डबा विकता येतो का?’ असं एकाने खोचकपणे विचारलं. न्यू जर्सीच्या परवान्यात ब्रेड, कुकीज, जॅम, ग्रॅनोला असं बाहेर ठेवून न बिघडणारंच बसतं, पोळी-भाजी बसत नाही. कॅलिफोर्नियात मात्र 2019 पासून काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, मान्य केलं तर घरच्या स्वयंपाकघरातून दिवसाला 30 ताज्या जेवणांपर्यंत विकता येतं. रिव्हरसाइड काउंटीने ते सगळ्यांत आधी स्वीकारलं. काउंटीचा आरोग्य निरीक्षक येऊन स्वयंपाकघर बघून जातो. आणि 2013 पासून तिथे लागू असलेल्या दुसऱ्या कायद्यानुसार, घरी केलेले टिकाऊ पदार्थ विकायला निवासी घरात सरसकट बंदी घालण्याचा अधिकार शहरालाही नाही. मला पुण्यासाठी हवंय ते हे.

आमच्या इथेही पोळ्या मिळतात. शुक्रवारी संध्याकाळी एका ड्राइव्हवेत गाडी उभी करायची, गराजच्या दारातून पिशवी घ्यायची, झेल या अ‍ॅपने पैसे पाठवायचे. कुणाकडून ते मी लिहिणार नाही, कारण तिला परवाना मिळूच शकत नाही. ती इथे नसती तर माझी पहिली दोन वर्षं कशी गेली असती, मला सांगता येत नाही. त्या पिशवीतल्या गरम पोळीशिवाय माझं या गावात तेव्हा काहीच नव्हतं. म्हणून कुणी ‘धंदा करायचा तर गाळा घ्या’ म्हणतं, तेव्हा मला सोसायटीचे उपविधी आठवत नाहीत, ती आठवते. आणि याच ग्रुपवरचे निम्मे लोक दिवाळीआधी काकूंकडूनच फराळ घेऊन बोस्टनला आणि डॅलसला मुलांकडे पाठवतात. त्या वेळी बिल्डिंग रेसिडेन्शियल नसते का?

मी एवढं ग्रुपवर लिहिल्यावर उत्तर आलं, ‘ताई, तुम्ही तिकडे बसून सल्ले देऊ नका. लिफ्टला उभं आम्हाला राहावं लागतं.’ लागलं ते मला. लिफ्टबद्दल त्यांचं खरंच आहे. पण त्या फ्लॅटचा कर मी भरते, मेंटेनन्स मी भरते, भाडेकरू आहे म्हणून बिनभोगवटा शुल्कही भरते. इथे मतदानाचा हक्क नाही. तिथे सभासद आहे, तर बोलायचा हक्क नाही. मग मी बोलायचं कुठे? हा प्रश्न मी रागाने विचारत नाहीये, मला खरंच उत्तर हवंय.

बिनभोगवटा शुल्कावरूनच एक वाट दिसते. एकेकाळी सोसायट्या भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून मनाला येईल ती रक्कम घ्यायच्या. 2001 मध्ये शासनाने आदेश काढला की सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येणार नाही. सोसायट्या कोर्टात गेल्या, पण मुंबई उच्च न्यायालयात आदेश टिकला. घरगुती व्यवसायांसाठी अगदी असाच आदेश काढता येईल. जादा शुल्कावर मर्यादा हवी. सुरक्षिततेच्या अटी राज्यभर एकसारख्या हव्यात. एनओसी नाकारायची तर कारण लेखी हवं आणि त्यावर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता यावी. जाता जाता पगारी कामगाराची अटही बदला. घरात धुण्याभांड्याला बाई चालते आणि पोळ्या लाटायला आलेल्या ताई चालत नाहीत, यात कुणाचं भलं आहे?

काकूंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, ‘अगं, भांडू नकोस गं, मी भरीन थोडे जास्त.’ मी त्यांना भरू नका म्हटलंय. माझा भाऊ त्या फ्लॅटचा सहसभासद आहे, सभेला तो जाणार आहे. वरच्या मागण्यांचं पत्र त्याच्याकडे पोहोचलंय. ते वाचून दाखवायचं आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं, असं आमचं ठरलंय. एक प्रत उपनिबंधक कार्यालयात आधीच जाईल.