साठ हजारांत बसवायचंय

बजेट फक्त पैसे देणाऱ्याकडे असतं. घेणाऱ्याकडे असते ती लिस्ट.

चिरंजीवांनी गेमिंग पीसीचा ठराव मांडला, मी 60 हजार मंजूर केले आणि विषय संपला असं समजून पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरायला घेतलं. इंदुरात राहून एवढं तरी करावंच लागतं. बशी रिकामी व्हायच्या आत साठाचे चौसष्ट झाले होते.

कारण यातली एकही वस्तू एकटी घरात येत नाही. एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर घेतला तर एएम4 सॉकेटचा, म्हणजे त्याच्या मापाच्या खोबणीचा, बोर्ड आणि डीडीआर4 रॅम, स्वस्तात भागतं. पण पहिले रायझन 2017 साली आले ते याच सॉकेटवर, म्हणजे जुनंच, पुढे अपग्रेडला फारसा वाव नाही. मग 2022 चं एएम5 घ्यावं, तर बोर्ड महाग आणि रॅम डीडीआर5च हवी. बरं, इंटेलचा 12400एफ? त्यातही, 5600 सारखंच, अंगचं ग्राफिक्स नाही; कार्ड रुसलं की पडदा काळा. मी म्हटलं, याला सहा कोअर, त्यालाही सहा, जो स्वस्त तो घे आणि मोकळा हो. शेवटी घेतला तो स्वस्तातलाच, पण आठवडाभर यूट्यूबवरच्या तज्ज्ञांना विचारून.

ग्राफिक्स कार्डाने तर जवळजवळ अर्धे पैसे एकट्याने गिळले. आरटीएक्स 3060 ला 12 जीबी मेमरी आणि तिच्यानंतर आलेल्या 4060 ला 8. पिढी नवी आणि मेमरी कमी, हे कुठलं गणित? ‘‘पण बाबा, ती 115 वॉटच खाते!’’ विजेचं बिल मी भरतो हे पोराला जन्मात पहिल्यांदा आठवलं होतं. मी गहिवरून 4060 मंजूर केली.

काचेच्या कॅबिनेटचा फोटो पाहून आईने विचारलं, ‘‘मासे कधी आणायचे?’’ दिवे लागणारे पंखे मात्र मी कापले. दिव्यांनी एक फ्रेमसुद्धा वाढत नाही, एवढं मलाही कळतं.

मग आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. ‘‘भिया, बजट बताओ.’’ सांगितलं. दुकानदाराने वही उघडली ती पाच हजार वरच्या पानावर. सांगितलेल्या भावात 18 टक्के जीएसटी नसतो. तो ‘‘बिल लगेगा क्या?’’ या प्रश्नात दडलेला असतो. लागेल, बाबा. वॉरंटीसाठी उद्या तुझ्याच दारात यायचंय.

‘‘कॅबिनेट के साथ एसएमपीएस फ्री दे दूँगा.’’

माझे कान टवकारले. चिरंजीवांनी तो सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा तळहातावर तोलला. हलका. मग उलटा केला. वर ठसठशीत 500 वॉट. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता, त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 18 ॲम्पिअर. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच रकान्यावर जगतात. ‘‘अठरा गुणिले बारा, दोनशे सोळा वॉट,’’ पोरगं काउंटरवर उभ्या उभ्या म्हणालं. याला चौथीत पाढे पाठ करून घेताना माझा घसा बसला होता. दुकानदाराने चहा मागवला आणि पंख्याकडे बघत राहिला.

आम्ही नावाजलेल्या कंपनीचा 550 वॉटचा, वीज कमी वाया घालवत असल्याचा 80 प्लस ब्राँझ शिक्का असलेला घेतला. संपूर्ण खरेदीत मी हसत पैसे दिले ते या एकाच वस्तूचे. भिकार एसएमपीएस मरताना शेजारच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. रॅम 16 जीबी, पण 8-8 च्या दोन पट्ट्या. एसएसडीवर वाद झाला नाही, कारण तोवर माझ्यात वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं.

बेरीज पासष्टाच्या आत आली. ‘‘मॉनिटर घरचाच आहे,’’ मी अभिमानाने म्हणालो.

‘‘कौनसा पोर्ट है उसमें?’’

‘‘व्हीजीए,’’ चिरंजीव जमिनीकडे बघत म्हणाले. कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, बाकी काही नाही. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

दुकानदाराने नवं पान उलटलं. ‘‘भिया, 144 हर्ट्झवाला दिखाऊँ?’’