सुतावरून छत

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने काढली त्याने आयुष्यात कधी अंगण मोजलं नसणार. मी बाथरूमचं छत मोजलंय. ते वाकडं आहे. मला नाचताही येत नाही, ही गोष्ट वेगळी.

अकरा वर्षं रोज त्या छताखाली अंघोळ केली. वर पाहिलं नाही असंही नाही. केस धुताना माणूस वरच बघतो, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून. पण ते छत मला कायम छतासारखंच दिसलं. तेव्हा टाइल्स दाराच्या उंचीपर्यंतच होत्या, त्यावर रंग आणि रंगाला पोपडे. म्हणजे टाइल आणि छत यांची कधी गाठच पडली नव्हती. लांबच्या नातेवाइकांचं जमतं ते याच कारणाने.

मग मला अवदसा आठवली. पोपड्यांचा कंटाळा आला म्हणून टाइल्स थेट छतापर्यंत न्यायच्या ठरवल्या.

"छतापर्यंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"छतापर्यंत. आणि वर बॉर्डर. गडद निळी, अगदी छताला लागून, चारही भिंतींवरून फिरवायची."

मिस्त्रींनी मान वर केली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात तेव्हा गप्प बसतात ना, तसे.

"ताई, छताला उतार आहे."

मला राग आला. आपल्या पोराला कोणी तिरळं म्हणावं तसा. "कुठे उतार? सुतासारखं सरळ आहे की!"

"सुतानेच बघू या," मिस्त्री म्हणाले.

पण सुताआधी आला लेझर. नवऱ्याने या कामासाठी खास लेझर लेव्हल आणली. तिपाईवर ठेवायची, बटण दाबायचं, की भिंतीवर एक लाल रेघ उमटते, पाण्याच्या पातळीइतकी आडवी. बाथरूममध्ये ती उमटली आणि छत एका कोपऱ्यात तिच्याकडे झुकलेलं स्पष्ट दिसलं. इथपर्यंत ठीक होतं. पण अशी वस्तू हातात आल्यावर पुरुषमाणूस बाथरूमपुरता थांबत नाही. दोन दिवस तो घरभर लाल रेघ पाडत फिरला. प्रत्येक खोलीतून "हेही!" असा आवाज यायचा. दाराची चौकट वाकडी निघाली, खिडकीची पट्टी वाकडी निघाली, कपाट पुढे झुकलेलं निघालं. रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून गंभीर आवाजात म्हणाला, "आपण उताराला झोपतो."

मिस्त्रींचा लेझरवर विश्वास नव्हता. त्यांनी पिशवीतून पारदर्शक नळी काढली, पाण्याने भरली आणि एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं. तत्त्व साधं आहे. नळीची दोन्ही तोंडं उघडी असली की ती कशीही वेटोळी पडलेली असो, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र ती बिनदिक्कत खोटं बोलते, म्हणून मिस्त्री टिचक्या मारत तो बुडबुडा वर हाकलत होते. सगळं जुळून आलं, खुणा केल्या, आणि हिशोबाप्रमाणे आमचं बाथरूम एका बाजूला चक्क चार बोटं खचलेलं निघालं. मी घाबरले. नवराही घाबरला. मिस्त्री शांतपणे त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "साहेब, अंगठा काढा."

पाणी सांडू नये म्हणून त्याने नळीचं तोंड दाबून धरलं होतं.

अंगठा काढल्यावर नळी आणि लेझर यांचं एकमत झालं. चारही भिंतींवर एकच आडवी रेघ मारली, दारापाशी जमिनीपासून बरोबर एक मीटरवर, आणि तिथून वर मापं घेतली. हा शहाणपणा मिस्त्रींचा. मी सरळ टेप लावून जमिनीपासून छतापर्यंत मोजायला निघाले होते. पण बाथरूमच्या जमिनीला मोरीकडे उतार असतोच, नाहीतर पाणी जाणार कुठून? आमच्याकडे तो १८ मिलिमीटर. म्हणजे जमीन मुद्दाम तिरकी, छत नकळत तिरकं, आणि मधल्या भिंती सरळ आहेत की नाहीत हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

वहीत चार आकडे लिहिले. रेघेपासून छत दारापाशी डावीकडे १४६१ मिलिमीटर, उजवीकडे १४५६. समोरच्या टोकाला डावीकडे १४४१, उजवीकडे १४३६.

"पंचवीस मिलिमीटरचा फरक!" मी ओरडले.

"आठ सूत," मिस्त्री म्हणाले.

गोष्ट तीच. इंचाचे आठ भाग, एकेक म्हणजे एक सूत, आठ सूत म्हणजे एक इंच. पण मिलिमीटरमध्ये सांगितलं की संकट वाटतं आणि सुतात सांगितलं की किरकोळ. मी नंतर वजनाच्या काट्यासाठीही असं काही एकक मिळतंय का बघितलं. नाही मिळालं.

हे असं होतंच कसं, हे मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, स्लॅब ओतताना खालच्या पाट्या एका पातळीत नव्हत्या असतील, गिलावा करणाऱ्याचा हात एकीकडे जड पडला असेल. शिवाय काँक्रीट एकदा घट्ट झालं की संपलं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. सतत भार सोसत ते वर्षानुवर्षं अगदी हळूहळू वाकत राहतं. हे ऐकल्यावर त्या छताबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

आता टाइल्सचं गणित. टाइल एक फूट बाय दोन फूट, आडवी लावायची. ३०० मिलिमीटर टाइल, २ मिलिमीटर सांधा. अख्ख्या टाइलने खालून सुरुवात केली तर आठ ओळी व्यवस्थित बसत होत्या आणि वर उरत होती फक्त एक पट्टी. दारापाशी ४५ मिलिमीटर रुंद, दूरच्या कोपऱ्यात २०. मिस्त्रींनी ती पेन्सिलीने भिंतीवर काढून दाखवली. पट्टी कसली, पाचरच ती! आणि त्या पाचरीच्या जागी मला गडद निळी बॉर्डर हवी होती. म्हणजे वाकड्या छताखाली शाईने ओढलेली रेघ. दोन रेषा समांतर आहेत की नाहीत हे माणसाचा डोळा फार बारीक ओळखतो. दोन रेघांची टोकं जुळली आहेत का, हे तर डोळ्याच्या पडद्यावरच्या एका पेशीच्या रुंदीपेक्षाही बारीक फरकाने त्याला कळतं. तोच डोळा अकरा वर्षं माझ्याकडेही होता, पण त्याला छताशेजारी दुसरी रेघ कोणी दिली नव्हती.

मग मला एक कल्पना सुचली. उलटं करायचं! वरून सुरुवात. छताला धरून अख्खी टाइल, ओळीमागून ओळ खाली, आणि जे काय कापायचं ते जमिनीपाशी. मी हे इतक्या उत्साहाने सांगितलं की नवऱ्याने टाळी दिली.

"मग सगळ्याच ओळी तिरक्या होतील," मिस्त्री म्हणाले. "नळ सरळ, खिडकी सरळ, आरसा सरळ आणि टाइल्स उतरणीला लागलेल्या. एक वाकडं लपवायला आठ वाकडी करायची?"

मी टाळी परत घेतली.

ज्याला सांगावं तो म्हणे, फॉल्स सीलिंग करा. छताखाली दुसरं छत, विषय संपला. वरचे पाइप झाकायचे असतील तर ते बरंच आहे, मी नावं ठेवत नाही. पण आठ सुतांसाठी चार इंच उंची सोडायची हे माझ्या मनाला पटेना. शिवाय नवऱ्याने दुसऱ्या छतालाही लेझर लावला असता.

शेवटी मिस्त्रींनी जे केलं ते इतकं सोपं होतं की मला स्वतःचाच राग आला. सगळ्या ओळी अर्ध्या टाइलने खाली सरकवल्या. सगळ्यात खालची ओळ कापून १५० मिलिमीटरची, मोरीकडे ती उताराबरोबर वाढत गेलेली. तिच्यावर सात अख्ख्या ओळी, रेघेबरहुकूम आडव्या. वरची कापलेली ओळ आता एका टोकाला १९५ आणि दुसऱ्या टोकाला १७०. फरक तेवढाच, आठ सूत. पण पंचेचाळिसातले पंचवीस गेले तर अर्ध्याहून जास्त गेलं, एकशे पंचाण्णवातले पंचवीस गेले तर विचारतो कोण? खालची तिरकी ओळ बादलीमागे गेली. सांधे टाइलच्याच रंगाचे भरायचे ठरले. निळी बॉर्डर माळ्यावर गेली, एक अख्खा खोका.

आणि मग मी मदत केली.

वरच्या ओळीतली प्रत्येक टाइल वेगळी कापायची होती. डाव्या भिंतीवर तीन टाइल्स, प्रत्येकीची डावी बाजू उंच, उजवी जरा कमी. मी म्हटलं, मापं मी घेते. भिंतीसमोर उभी राहून एकेक माप घेतलं, छताखाली ३ मिलिमीटर फट सोडायची ती वजा केली, आणि टाइलच्या गुळगुळीत तोंडावर पेन्सिल उमटत नाही म्हणून पाठीवर लिहिलं: डावी १९२, उजवी १८५. पुढची, त्याच्या पुढची. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने टाइल्स पालथ्या ठेवल्या, माझ्या आकड्यांवर पट्टी धरली आणि ग्राइंडर फिरवला. धुरळा बसल्यावर पहिली टाइल सुलटी करून भिंतीला लावली तर ती उजवीकडे छताला भिडली आणि डावीकडे बोटभर फट.

टाइल पालथी केली की डावी बाजू उजवीकडे जाते. शिवणकामात हे मला चांगलं कळतं. कापडाची उलटसुलट बाजू मी झोपेतही ओळखते. टाइलला मात्र पाठ असते हे डोक्यातच आलं नाही.

तिन्ही टाइल्स उलट्या कापलेल्या. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. नवरा लेझरची पेटी बंद करण्यात अचानक फार गुंतला.

मिस्त्रींनी एक टाइल उचलली, हातात फिरवली, वळले आणि समोरच्या, म्हणजे उजव्या भिंतीवर धरून पाहिली. त्या भिंतीकडे तोंड केलं की दार उजव्या हाताला येतं. छत उजवीकडे उंच, डावीकडे खाली. टाइलही तशीच. फक्त ती भिंत पाच मिलिमीटरने बुटकी.

"दीड सूत घास रे वरून," ते पोराला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, "ताईंनी समोरच्या भिंतीचं काम आधी काढलं होय?"

"हो," मी म्हटलं. "म्हटलं, अवघड आधी."

डाव्या भिंतीची मापं त्यांनी स्वतः घेतली.

छताखालच्या फटीत सिमेंटचं ग्राउट नाही, पांढरं सिलिकॉन भरलं. भिंत आणि छत आपापलं थोडंथोडं हलत असतात, ग्राउट तिथे तडकतं, सिलिकॉन ताणून घेतं. काम संपलं. मी रोज वर बघते. मला ते आठही सूत दिसतात, कारण कुठे आहेत हे मला माहीत आहे. दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि हे जास्त छळतं. एवढं रामायण घडलेलं, आणि माणसं आत जातात, हात धुतात आणि "रंग छान आहे" म्हणून बाहेर येतात.

परवा आत्या आली होती. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा मला राहवलं नाही.

"आत्या, छताकडे बघितलंस का? कोपऱ्यात? परत जाऊन नीट बघ ना."

आत्या बिचारी परत आत गेली, दिवा लावला. चष्मा वर-खाली करत चारही कोपरे बघत असावी, कारण बराच वेळ लागला. बाहेर येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नाही गं, एकही जाळं नाही. उगाच जिवाला लावून घेतेस."