स्टेशन बंद पडतं ते कशामुळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आपल्या टापूपुरती ऐकू येणारी गाण्यांची रेडिओ स्टेशनं अजून बराच काळ टिकतील, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लेख म्हणजे निव्वळ स्मरणरंजन आहे, हवं ते गाणं फोनवर मिळत असताना दुसऱ्याने निवडलेलं कोण ऐकेल, नॉर्वेने तर एफएम बंदच केलं, अमेरिकेतल्या बड्या रेडिओ कंपनीचं दिवाळं निघालं, आणि शेवटचा प्रश्न, जिंगल काढून टाकली तर कुठलं स्टेशन लागलंय हे कुणाला ओळखता तरी येईल का?

तो शेवटचा प्रश्न मला लागला, कारण तो रास्त आहे. त्याच्याकडे येतोच. आधी बाकीचं.

नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून काढून डिजिटलवर नेल्या, हे खरं. पण लहान स्थानिक केंद्रांपैकी बहुतेक एफएमवरच राहिली. डिजिटलमध्ये एकाच ट्रान्समीटरवरून अनेक वाहिन्या एकत्र जातात, त्यामुळे देशभर पसरलेल्या मोठ्या संस्थेला ते परवडतं. एका खोऱ्यापुरत्या केंद्राला मात्र एक मनोरा आणि एक ट्रान्समीटर पुरतो. तुम्ही दिलेल्या उदाहरणात एफएम सोडून गेले ते थोरले.

दिवाळखोरीचं म्हणाल, तर मला तुमच्याशी मनापासून भांडायचंय ते इथेच. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा उठवली. क्लिअर चॅनेल या कंपनीने पुढच्या काही वर्षांत बाराशेहून जास्त स्टेशनं घेतली. मग खर्च वाचवायला निवेदक कमी केले. एका शहरात बसलेला माणूस पाच शहरांसाठी आधीच बोलून ठेवायचा आणि संगणक ते तुकडे गाण्यांच्या मध्ये लावत जायचा. याला व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. २००८ मध्ये ही कंपनी प्रचंड कर्ज काढून विकत घेतली गेली आणि मार्च २०१८ मध्ये, तोवर तिचं नाव आयहार्टमीडिया झालं होतं, सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळातही तिची स्टेशनं वाजतच होती. तिला बुडवलं ते कर्जाच्या व्याजाने, आणि तुम्ही ते श्रोते गेल्याचा पुरावा म्हणून मांडताय. माणूस काढून टाकल्यावर उरलेल्या यंत्राला ‘रेडिओ’ म्हणायचं आणि ते निर्जीव वाटतं म्हणून रेडिओच संपला म्हणायचं, हे मला मान्य नाही.

शिवाय हा मृत्युलेख पहिल्यांदा लिहिला जात नाहीये. १९५० च्या दशकात टीव्हीने रेडिओची नाटकं नेली, प्रश्नमंजूषा नेल्या, मोठे जाहिरातदार नेले. स्टेशनांच्या हाती उरल्या तबकड्या आणि त्या लावणारा तिथलाच एक माणूस. १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला आणि त्याची नि त्या माणसाची गाठ पडली. आज आपण ज्याला स्थानिक संगीत रेडिओ म्हणतो, तो बराचसा त्या पडझडीतूनच घडला. १९८१ मध्ये एमटीव्ही आली, २००१ मध्ये आयपॉड, २००८ मध्ये स्पॉटिफाय. प्रत्येक वेळी श्रोते काही प्रमाणात गेले, हे मी नाकारत नाही.

आता ‘दुसऱ्याने निवडलेलं कोण ऐकेल’. मी काही वर्षं एका लहान केंद्रावर रात्रीची पाळी केली आहे. तिथे प्रत्येक सीडीच्या डबीवर चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर पेनने दोन आकडे: गाणं सुरू झाल्यापासून गायकाचा पहिला शब्द येईपर्यंतचे सेकंद, आणि एकूण वेळ. १४ लिहिलं असेल तर चौदा सेकंदांत सांगायचं ते सांगून माईकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली आणायचा. एक शब्द जास्त झाला की गायकाच्या तोंडावर आपण बोललो. बोट फेडरवर, नजर घड्याळावर. गाणं संपलं की ते कुणाचं होतं हे सांगायचंच, कारण पलीकडे कुणीतरी तेवढ्यासाठी थांबलेलं असतं.

एका रात्री दोनच्या सुमारास फोन वाजला. रुग्णालयात रात्रपाळीला असलेली एक परिचारिका होती. तिने फर्माईश केली नाही. म्हणाली, “काल तुमचा आवाज बरा होता, आज बसलाय. दोन लांबलचक गाणी लावा आणि गरम पाणी पिऊन या.” मी ताबडतोब साडेअकरा मिनिटांचं एक गाणं लावलं आणि पाणी तापवायला गेलो. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही. पण काल आणि आज यांतला फरक त्यांना कळला होता. तुमची प्लेलिस्ट तुमची आवड माझ्यापेक्षा चांगली ओळखते, हे मी मान्य करतो. पण तिचा आवाज बसत नाही, आणि दोन वाजता तीच जागी आहे असंही कुणाला वाटत नाही.

अशी माणसं जिथे बसलेली असतात, ती स्टेशनं चिवट असतात. सिएटलचं केईएक्सपी १९७२ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलं, फक्त १० वॅटवर. घरातल्या साध्या बल्बलाही तेव्हा याहून जास्त वीज लागायची. ते आज जगभर ऐकलं जातं. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयूचं तर कॉलेजच १९९५ मध्ये बंद पडलं. स्टेशन चालू आहे, जाहिरातींशिवाय, श्रोत्यांच्या वर्गणीवर.

एक गोष्ट तुमच्या बाजूची, जी तुम्ही लिहिली नाहीत. अमेरिकेत हवेतून प्रसारण करणारं स्टेशन गीतकार-संगीतकारांना मानधन देतं, गायक-वादकांना देत नाही. इंटरनेटवरच्या सेवांना दोघांनाही द्यावं लागतं. ही सवलत अन्यायाची आहे. ती गेली तर काही स्टेशनं अडचणीत येतील, तरी ती जायलाच हवी.

आणि तुमचा तो शेवटचा प्रश्न. उद्या एखादं स्टेशन तासभर लावा आणि कागद जवळ ठेवा. तीन गोष्टी टिपा: किती वाजले ते कुणी सांगितलं का, संपलेलं गाणं कुणाचं होतं ते सांगितलं का, आणि जवळपासच्या एखाद्या रस्त्याचं, पुलाचं, मैदानाचं नाव आलं का. तिन्हींपैकी एकही आलं नाही, तर त्या स्टेशनाबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे आणि त्याच्या बाजूने मी एक ओळही लिहिणार नाही. तिन्ही आली, तर तिथे फोन लावून एवढंच सांगा, की ऐकतोय. रात्रीच्या पाळीत असा फोन फार क्वचित येतो.