१७ मार्चच्या यादीत चिपळूणकर कुठे?
१७ मार्चच्या दिनविशेषात पर्रीकरांची पुण्यतिथी दिलीत, पण विष्णुशास्त्री चिपळूणकर राहिले की! तेही १७ मार्चलाच गेले, १८८२ साली, वय अवघं ३१. 'निबंधमाला' मासिक, पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल, सगळं तेवढ्यात.

आम्हा गोंयकारांना मात्र २०१९चा तो रविवारच आठवणार. शिगमो तोंडावर आलेला, आणि संध्याकाळी बातमी आली. पर्रीकर गोव्याच्या मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरही तसेच, १२ ऑगस्ट १९७३ला. दोघांच्या समाध्या मिरामारला जवळजवळ आहेत. पणजीला गेलो की मी तिथे पाच मिनिटं थांबतोच, बायको गाडीत कुरकुरते तरी. असो, चिपळूणकरांचं नाव तेवढं घाला. शास्त्रीबुवांना असं गाळलेलं खपलं नसतं!