लेझीमची पाच मिनिटं

आमच्या मंडळाच्या गणपतीचं विसर्जन म्हणजे भाड्याच्या हॉलबाहेरच्या कारपार्कला दोन फेऱ्या, आणि शेवटी निळ्या प्लास्टिकच्या टबात बाप्पा. यंदा त्या दोन फेऱ्यांत एक गृहस्थ लेझीम खेळले. जेमतेम पाच मिनिटं. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर आला, आणि रात्री एका स्नेह्यांचा मला वेगळा मेसेज: "हे तेच ना, ब्लू बॅजवाले? पीआयपी खातात आणि लेझीम खेळतात. कळवायला हवं." पीआयपी म्हणजे दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना ब्रिटिश सरकार देतं तो भत्ता.

या गृहस्थांना दोनेक वर्षांपासून काहीतरी आजार आहे. काय, ते मला माहीत नाही. गाडीच्या काचेला अपंगांचा निळा पास, म्हणजेच ब्लू बॅज, मागच्या सीटवर काठी. त्यांची बायको घरून डबे करते, दर शुक्रवारी पोचवते. नवऱ्याची काळजी घेते म्हणून तिला केअरर्स अलाउन्स मिळतो, असं म्हणतात. 'असं म्हणतात' हे शब्द मुद्दाम लिहिले, कारण लंडनच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावात या जोडप्याबद्दल मला जे जे माहीत आहे ते सगळं याच दोन शब्दांच्या आधाराने उभं आहे.

इथे तक्रार करणं फार सोपं आहे. सरकारी संकेतस्थळावर फॉर्म आहे, फोनलाइन आहे. स्वतःचं नाव द्यावं लागत नाही. पुढे काय झालं ते तुम्हाला कधीच कळवत नाहीत, कारण ती त्या माणसाची खासगी बाब. आपण दगड टाकायचा, विहिरीचा आवाज मात्र ऐकू येणार नाही. मराठीत आपण तक्रार आणि चहाडी हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. तक्रारीखाली सही असते आणि चहाडी कानात सांगतात. हा फॉर्म नेमका कुठे बसतो, मला ठरवता आलेलं नाही. इंग्रजांनाही ते ठरवता आलेलं नसावं. सरकार 'कळवा' म्हणतं, आणि कळवणाऱ्याला इथल्या बोलीत 'ग्रास' म्हणतात, तेही तोंड वाकडं करून.

त्याच आठवड्यात साताऱ्याहून ताईचा फोन आला. तिकडे विषय लाडकी बहीणचा. समोरच्या घरात चारचाकी आहे, तरी सूनबाईंना महिन्याला 1,500 रुपये येतात. अडीच लाखांच्या आत उत्पन्न हवं, दारात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो), हे नियम गल्लीतल्या पोरांनाही पाठ. म्हटलं, मग सांग की कोणाला. ताई म्हणाली, "कोणाला सांगू? पडताळणीला अंगणवाडी सेविका येणार, आणि ती त्यांचीच जाऊ."

तिकडच्या वादात मला दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, आमच्या करावर फुकटे पोसले जातायत. दुसरा म्हणतो, बड्यांची कर्जं बुडतात तेव्हा कुठे असता? दोन्हीत थोडं खरं आहे, आणि दोघंही एक साधी गोष्ट सोडून देतात. योजना जुलै 2024 ला सुरू झाली, निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. मधल्या चार महिन्यांत हमीपत्रावर सह्या घेऊन दोन कोटींवर बायकांच्या खात्यांत पैसे गेले. चाळणी लागली ती नंतर. 2025 च्या जुलैत महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की 26.34 लाख लाभार्थ्यांचा लाभ थांबवला आहे. त्यांत काही पुरुषही निघाले. आता, गाडी कोणाच्या नावावर आहे हे परिवहन विभागाला आधीपासून ठाऊक होतं. सरकारी नोकर कोण हे तर सरकारलाच ठाऊक. ताईने खिडकीतून पाहून सांगावं असं त्यात काहीच नव्हतं.

इथेही तेच झालंय, फक्त कागद गुळगुळीत. केअरर्स अलाउन्स 2025-26 साली आठवड्याला 83.30 पौंड होता. त्यासाठी आठवड्याला किमान 35 तास शुश्रूषा करायची, आणि बाहेरची कमाई ठरलेल्या मर्यादेत ठेवायची. त्याच साली ती मर्यादा 196 पौंड होती, त्याआधी 151. एक पौंड वर गेलात की त्या आठवड्याचा सगळा भत्ता गेला. अनेकांचं असं झालं की कमाई किरकोळ वर गेली, करखात्याकडून माहिती येत राहिली, भत्ता देणाऱ्या खात्याने वर्षानुवर्षं सगळ्या सूचना तपासल्याच नाहीत, आणि मग एके दिवशी हजारो पौंडांची वसुलीची नोटीस. 2024 मध्ये एक लाख तीस हजारांहून जास्त लोक असे पैसे फेडत होते. आजारी आईला आंघोळ घालणारी माणसं ही. त्यांतल्या काहींवर खटलेही झाले.

म्हणजे सरकारला जे दिसतं, त्यासाठी माझ्या खिडकीची गरज नाही. आणि सरकारला जे दिसत नाही, ते तरी मला दिसतं का? लेझीमचंच घ्या. पीआयपीत चालण्याचा निकष 'चालता येतं की नाही' एवढा बाळबोध नाही. किती मीटर चालता येतं, सुरक्षितपणे येतं का, पुन्हा पुन्हा येतं का, निरोग्याला लागेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त वेळ लागतो का, आणि हे सगळं निम्म्याहून जास्त दिवशी कसं असतं, असं पाहतात. चांगला दिवस असण्याला बंदी नाही. त्यांचं सहावं मिनिट कोणी चित्रित केलं नाही. दुसऱ्या दिवशीची सकाळही नाही.

तरीही स्नेह्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. शनिवारी ते घरी आले, लॅपटॉप घेऊनच. म्हणाले, "आपण आलो तेव्हा व्हिसावर काय होतं? सरकारी मदत मिळणार नाही. पाच वर्षं एक पेनी घेतली नाही, वर दर वर्षाचा आरोग्याचा अधिभार भरला. आणि हे लोक?" हा राग मला ओळखीचा आहे, माझ्याही पोटात आहे. फसवणूक काही काल्पनिक नाही. 2024-25 सालच्या सरकारी अंदाजात जादा दिली गेलेली रक्कम भत्त्यांवरच्या एकूण खर्चाच्या 3.3 टक्के, म्हणजे साडेनऊ अब्ज पौंड, आणि त्यात चुकांपेक्षा फसवणुकीचा वाटा मोठा. 2024 मध्ये लंडनच्या कोर्टात पाच जणांच्या टोळीला शिक्षा झाली, त्यांनी खोट्या अर्जांवर पाच कोटींहून जास्त पौंड उकळले होते. असल्या टोळीचा कारखाना माझ्या गल्लीत दिसला तर मी एक मिनिट थांबणार नाही. दहा पोरांना रोखीत राबवून 'वरून भत्ताही घ्या' असं शिकवणारा मालक दिसला, तरी नाही. तिथे मला चहाडी वगैरे शब्द आठवणारही नाहीत.

पण समोर प्रश्न होता डब्यांचा. इथे मात्र शेजाऱ्याला खरंच काहीतरी दिसतं, कारण पैसे रोख असतात. (स्नेही दर शुक्रवारी दोन डबे घेतात. रोख.) म्हणून आम्ही पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. आठवड्याला चाळीस डबे धरले, आठ पौंडांचा एक, म्हणजे 320. पीठ, डाळ, भाजी, तेल मिळून डब्यामागे तीन पौंड, म्हणजे 120 वजा. उरले 200. मर्यादा 196. "बघा!" ते म्हणाले. मी म्हटलं, पेट्रोल? प्लास्टिकचे डबे? गॅस? स्वतःचा धंदा करणाऱ्याला हे खर्च वजा करता येतात. आकडा 170 वर आला. मग ते म्हणाले, चाळीस कशावरून, पन्नास असतील. असतील. "आणि तिने हे काम कळवलंय का?" खरा प्रश्न तोच, आणि त्याचं उत्तर दोघांकडे नव्हतं. कळवलं असेल तर काहीच गुन्हा नाही. नसेल तर असू शकतो.

मला तेव्हा माझीच एक गोष्ट आठवली, ती त्यांना सांगितली नाही, इथे सांगते. एकटीने राहणाऱ्याला इथे कौन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सूट मिळते. मी घेत होते. हे पुण्याहून मार्चमध्ये आले, मी कळवलं मे महिन्यात. विसरले, असं मी स्वतःला सांगितलं. बिल सुधारून आलं, मी भरलं, विषय संपला. मधल्या काळात शेजारच्या आजींनी दारात पुरुषी बूट पाहून फोन केला असता, तर?

फोन फुकट असतो, पण त्याची किंमत पलीकडचा मोजतो. चौकशी चालू असताना भत्ता थांबू शकतो. 2010 ते 2015 या काळात लोकांनी दिलेल्या खबरांवरून उघडलेली दहा लाखांवर प्रकरणं बंद झाली, आणि त्यांतल्या 85 टक्क्यांहून जास्त प्रकरणांत फसवणूक किंवा पुरेसा पुरावा सापडला नाही. त्यांत खुन्नस काढणारे असतील, घटस्फोटित असतील, पण मला वाटतं बहुतेक आमच्यासारखेच असतील. व्हिडिओ पाहिलेले, पाकिटावर हिशेब केलेले.

स्नेह्यांनी शेवटी फॉर्म उघडलाच. नाव, पत्ता, गाडी, काय काम करते, जे माहीत असेल ते भरा. आडनाव त्यांनी टाइप केलं आणि थांबले. पहिलं नाव? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा फोन काढला. माझ्याकडे नंबर 'डबा वहिनी' नावाने आहे. त्यांच्याकडेही, एका अक्षराचा फरक नाही. चार वर्षं आम्ही तिच्या हातचं जेवतोय. लॅपटॉप मिटत ते म्हणाले, "विचारून घेतो कोणाला तरी."

पुढे त्यांनी फॉर्म पाठवला की नाही, मी विचारलं नाही. सरकार तर सांगणारच नाही. काल शुक्रवारी वहिनी नेहमीप्रमाणे आल्या, इंजिन चालू ठेवून. साहेब शेजारच्या सीटवर होते, काच थोडी खाली करून हसले. मी डबा घेतला, पैसे दिले, आणि वळताना मागच्या सीटवरच्या पिशव्यांकडे नजर गेली. मोजायचं नव्हतं. अडतीस होते.